उपाशी पट्टा

कौसल्या मिरगेने पेरलेला मका दहा पानांवर आला, त्याच सकाळी शेताच्या कडेला रोवलेल्या खांबावरच्या पडद्याने जाहीर केलं, की या पिकाला आता नत्राची गरज नाही. गरज शून्य. कौसल्याला जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते.

तिची लेक अनुजा बांधावर उभी राहून तो आकडा पाहत होती. तेरावं आटोपून भाऊ नाशिकला परतला होता. जाताना म्हणाला होता, शेत बटाईने देऊन टाकू, तू कशाला अडकतेस. अनुजाने तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रजेचा अर्ज वाढवला आणि त्याला सांगितलं, हे पीक आईने पेरलंय, हे घरात येऊ दे, मग बोलू. चार एकर होतं सगळं. आईने सोळा जूनला पेरलं, चार जुलैला ती गेली. मधल्या अठरा दिवसांत तिने दोनदा नांगे भरले होते. एकही जागा रिकामी नव्हती.

अनुजा खाली बसली. वरून पाहिलं तर मका हिरवा होता. बुंध्याशी मात्र तिसऱ्या-चौथ्या पानांवर, टोकापासून मधल्या शिरेने आत उतरत गेलेला पिवळेपणा होता, भाल्याच्या पात्यासारखा. मक्याला नत्र कमी पडलं की तो आधी जुनी पानं रिकामी करतो. त्यांच्यातलं नत्र उचलून वरच्या कोवळ्या पानांना देतो. म्हणून वरून पाहणाऱ्याला आठवडाभर काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दहा पानांपासून तुरा येईपर्यंतच्या दिवसांत मका सगळ्यात जास्त नत्र खातो. कणसाच्या ओळीत किती दाणे बसायचे, तेही याच दिवसांत ठरतं. फार तर नऊ-दहा दिवस हातात होते.

"शून्य कसं?" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

हे यंत्र गावात आलं त्यात तिचाही हात होता. अकरा वर्षांपूर्वी पिंपळधोंड्यातल्या दोन तान्ह्या बाळांचे ओठ निळे पडले. वरच्या दुधात विहिरीचं पाणी घातलेलं होतं. एक बाळ वाचलं. त्या विहिरींचे नमुने अनुजानेच तपासले होते. वर्षानुवर्षं मक्याला गोणीवर गोणी युरिया टाकला, पिकाने अर्धा घेतला, उरलेला पावसाबरोबर खाली जाऊन विहिरीत उतरला. तिच्या सहीचे अहवाल वर गेले, आणि दोन वर्षांनी अजिंठ्याच्या डोंगराखालच्या या पट्ट्यात मोकळा युरिया विकणं बंद झालं. त्या जागी 'नत्रमेळ' आलं. गावाच्या टाकीत पातळ खत, प्रत्येक शेतात ठिबकच्या नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी कुलपाची झडप. झडप कधी उघडायची आणि किती वेळ, ते नत्रमेळ ठरवणार.

ठरवायची रीत सोपी होती, आणि अनुजाला तेव्हा ती फार आवडली होती. प्रत्येक शेतात सहा ओळींचा, तीस पावलांचा एक तुकडा असा राखायचा, की ज्याला खताचा कणही घालायचा नाही. कागदोपत्री त्याचं नाव 'संदर्भ भूखंड'. गावाने त्याला पहिल्याच वर्षी उपाशी पट्टा म्हणायला सुरुवात केली. खांबावरचा कॅमेरा रोज उपाशी पट्ट्याची हिरवाई मोजायचा आणि शेजारच्या पिकाशी ताडून पाहायचा. उपाशी पट्टा पिवळा आणि पीक हिरवं, म्हणजे माती स्वतः फार देत नाही, वरून द्यायला हवं. दोन्ही सारखेच हिरवे, म्हणजे मातीकडे पुरेसं आहे, झडप बंद. जेवढी तूट तेवढंच खत. विहिरींचं पाणी पाच वर्षांत प्यायजोगं झालं होतं. अनुजाने तेही मोजलं होतं.

आणि पिंपळधोंड्याची माती तर नवलाची निघाली. पहिल्या वर्षी एकराला अठ्ठेचाळीस किलो नत्र लागलं, मग चाळीस, मग एकतीस, मग बावीस. दर वर्षी उपाशी पट्टे जास्त हिरवे. जिल्ह्याने गावाला 'स्वयंपूर्ण माती' असं मानांकन दिलं. वेशीवर फळा लागला. कणसं मात्र दर वर्षी बोटभर आखूड होत गेली, पण तो दोष लोकांनी बियाण्यावर टाकला.

त्रेचाळीस शेतांमध्ये एकच पट्टा दर वर्षी पिवळा पडायचा. कौसल्याचा. कंबरेएवढाही वाढायचा नाही. नत्रमेळ त्याच्यावर लाल शेरा मारायचं : अग्राह्य, देखभालीचा अभाव. आणि मग शेजारच्या पट्ट्यांवरून तिच्या शेताचा हिशेब करायचं.

दोन वर्षांपूर्वी अनुजाने तिला फोनवर झापलं होतं. "आई, सगळ्या गावाचे पट्टे हिरवे आणि तुझाच पिवळा, म्हणजे बिघाड तुझ्या पट्ट्यात आहे. मुळं सडत असतील, नाहीतर पाणी साचत असेल. बेचाळीस विरुद्ध एक. हे साधं गणित आहे."

"असंल बाई," आई म्हणाली होती. मग थोड्या वेळाने, "जेवलीस का?"

अनुजाने ते गणित आता खांबाखाली उभं राहून पुन्हा मांडून पाहिलं. नत्र कार्यालयात फोन लावला. तालुक्याचे नत्र अधिकारी खंदारे तिच्या ओळखीचे होते. सभ्य माणूस. फोनवरसुद्धा उभं राहून बोलल्यासारखा बोलायचा.

"ताई, आईंचं कळलं. वाईट झालं."

"हो. साहेब, आमच्या शिवारात शून्य आलंय. खालची पानं पिवळी पडताहेत. मी हात लावून पाहतेय."

"ताई, जूनमध्ये आपल्याकडे एकशेऐंशी मिलिमीटर पाऊस झाला. थोडं पिवळं दिसणारच. पण उपाशी पट्टेही हिरवे आहेत ना? तुमच्या आईंचा सोडून."

"तोच सोडू नका म्हणतेय मी."

"तुम्ही स्वतः प्रयोगशाळेतल्या. बेचाळीस बिंदू एका जागी, एक बिंदू भलतीकडे. तुम्ही काय कराल?"

"गाळीन," अनुजा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नसतं.

"मग झालं तर."

"पण त्याआधी ते बेचाळीस आले कुठून, ते विचारीन."

त्या दुपारी तिने रस्त्याच्या कडेने जात पाच शेतांच्या उपाशी पट्ट्यांतून एकेक पान कापलं. आईचं, शेजारच्या गयाकाकूंचं, सरपंच नाना दांडग्यांचं आणि आणखी दोन. तालुक्याला जाऊन ती पानं वाळवली, कुटली आणि फ्रिजएवढ्या यंत्रात घातली. पाण्यातलं नत्र कुठून आलं, हे शोधायला ते यंत्र दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. पानावर ते कुणी वापरून पाहिलं नव्हतं.

नत्राचे कण दोन वजनांचे असतात, हलके आणि थोडे जड. गोठ्यात शेण-मूत पडून राहिलं की नाकाला झोंबणारा जो वास येतो, ते हलकं नत्र उडून जात असतं. जड मागे राहतं. त्यामुळे शेणकाल्यावर वाढलेल्या रोपात जड नत्राचं प्रमाण जास्त सापडतं, नुसत्या मातीवर वाढलेल्यात कमी. रोप खाल्लेलं लपवू शकत नाही.

कागद बाहेर आला. आईच्या पट्ट्याचा आकडा पाच. बाकीच्या चारांचे तेरा, चौदा, पंधरा, सोळा. बांधाला बांध लागून असलेली, एकाच मातीची शेतं.

अनुजाने यंत्र पुसून पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. पाणी पिऊन, खिडकी उघडून ती खुर्चीत बसली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, काही चुकलं का?"

"हो," अनुजा म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी."

ती कागद पर्समध्ये घालून निघाली. तो कागद कार्यालयात दिला की काय होणार, हे तिला पाठ होतं. पट्ट्यात खत घातल्याचं तपासणीत सापडलं तर त्या शेताची झडप दोन हंगाम बंद. पाचच पानं तपासली होती, पण एकदा सुरुवात झाली की कार्यालय सगळ्यांची तपासणार. बेचाळीस शेतं, दोन हंगाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाकाकू रस्त्याकडेच्या त्यांच्या पट्ट्यात वाकलेल्या दिसल्या. साठीची बाई, पदर खोचलेला, हातात बादली.

"काकू, बादलीत काय आहे?"

"ताक," गयाकाकू न वळता म्हणाल्या. "पितीस का?"

"वास तर गोठ्याचा येतोय."

"मंग नाक झाक." त्या वळल्या. अनुजाचा चेहरा पाहिला आणि बादली खाली ठेवली. "काय झालं गं?"

अनुजाने कागद उलगडून दाखवला, आकडे समजावून सांगितले. गयाकाकूंनी पाच आणि पंधरा एवढेच दोन आकडे बोटाने दाबून पाहिले.

"हे पाच म्हंजे कौसा?"

"हो."

"न् हे माझं."

"हो."

गयाकाकू बांधावर बसल्या. बराच वेळ त्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिल्या.

"पहिल्या साली माझ्या शोभीला पाहायला पाहुणे आले. रस्त्यावरच उतरले. समोर ह्यो पट्टा, कावीळ झाल्यावानी पिवळा. पोराचा मामा म्हनला, ह्यांच्या जमिनीत काई दम दिसत न्हाई. माझ्यासमोर म्हनला. तेला काय सांगावं, हे मुद्दाम उपाशी ठेवलंय म्हनून? उपाशी ठेवायची काय रीत असती का कुठं? दुसऱ्या दिशी सकाळी दोन बादल्या घातल्या. लगीन जमलं शोभीचं."

"आई होती तेव्हा?"

"इथंच हुबी होती. म्हनली, गया, त्येला उपाशी राहू दे, त्येचं कामच ते हाय. मी म्हनलं, तुला काय, तुझी पोरगी नोकरीवाली." त्यांनी नाक ओढलं. "मंग माझं हिरवं पाहून शेजारच्यानं घातलं. तेचं पाहून पुढच्यानं. कुनी कुनाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. बाया पानी भरायला निघाल्यावानी बादल्या घेऊन निघायच्या. अन् मानांकन आल्यावर तर बंद करायची सोयच ऱ्हाईली न्हाई."

"आणि आईला हसायचात."

"हसायचे. तिचा पट्टा पाहून म्हनायचे, कौसा, औषध पाज गं तेला. ती रागवायची न्हाई, म्हनून जास्तच हसायचे."

अनुजाने कागदाची घडी घातली. तिने स्वतः तर आईला हसण्यापलीकडचं केलं होतं. तिने गणित शिकवलं होतं.

"देनार तू ह्यो कागद?" गयाकाकूंनी विचारलं.

"नाही. पण गप्पही बसणार नाही. आईचं पीक मी मरू देणार नाही, काकू. आणि ते एकट्याने वाचत नाही, कारण तिचा पट्टा गाळून तिची झडप बाकीच्यांच्या पट्ट्यांवरून ठरते. मी रात्री बसून नियम वाचलेत. कुणी स्वतःहून आपला पट्टा रद्द केला आणि कारण लिहून दिलं, तर दंड नाही. फक्त मानांकन जातं. आणि ज्याच्याकडे पट्टा नाही, त्याचा हिशेब शिवारात उभ्या असलेल्या पट्ट्यांवरून होतो."

"म्हंजे?"

"म्हणजे हिरवे पट्टे कापायचे. सगळे. दोन जरी उरले तरी बहुमत त्यांचं, आई पुन्हा गाळली जाईल. एक उरला तरी नाही चालणार, तिच्यावर आधीचा लाल शेरा आहे. तिचा एकटीचा उभा राहिला पाहिजे."

गयाकाकूंनी पट्ट्याकडे पाहिलं. मका त्यांच्या छातीला लागत होता, काळपट हिरवा, रुंद पानांचा. शेतातल्या बाकी पिकापेक्षा उंच.

"शिवारातलं सगळ्यात चांगलं पीक हाय ते," त्या म्हणाल्या.

"तेच तर."

लोक एकत्र भेटायची जागा म्हणजे दूध संकलन केंद्र. सकाळी सातला सगळे किटल्या घेऊन रांगेत असायचे. दुसऱ्या दिवशी अनुजा तिथे उभी राहिली आणि तिने जे होतं ते सांगितलं, कागदासकट. आधी कुणी वर पाहिलं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"असं काय नसतं. आमच्या मातीतच गुण हाय."

"तुमच्या गोठ्यात गुण हाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

सरपंच नाना दांडगे दुधाच्या काट्याजवळ खुर्चीवर बसले होते. टोपी मांडीवर, आवाज शांत. "अनू, अकरा वर्षांमागं तू म्हनलीस, युरियानं विहिरी नासल्या. आम्ही ऐकलं. तुझ्याच सहीनं हे यंत्र आलं गावात. आता म्हंतीस यंत्र चुकलं. तुझं नेमकं धरायचं काय?"

"यंत्र नाही चुकलं, नाना. आपण त्याला जे दाखवलं तेच त्याने पाहिलं. नऊ वर्षं आपण त्याला जेवलेलं पोर उपाशी म्हणून दाखवतोय."

"मंग एक करू," दुसरा एक जण म्हणाला. "पलीकडच्या जिल्ह्यात मोकळा युरिया मिळतो. गाडी करू, रातोरात आणू. कोन पाहतंय?"

"विहीर पाहते," अनुजा म्हणाली. "तुझी सून बाळंतीण आहे ना? पुढच्या वर्षी तिच्या घागरीतलं पाणी मीच तपासीन."

तो माणूस किटली उचलून बाजूला झाला.

"बरं, पट्टे कापू," तिसरा म्हणाला. "कारण लिहू, रानडुकरांनी खाल्ले. डुकरं तर हायतच."

इथे अनुजाचा आवाज चढला. गावात तो कुणी चढलेला ऐकला नव्हता. "डुकरांचं नाव घ्यायचं नाही. कारणाच्या रकान्यात खरं लिहायचं. आम्ही शेणकाला घातला. डुकरं लिहिली तर पुढच्या पेरणीला पुन्हा बादल्या निघतील आणि पुन्हा कुणीतरी एक बाई वेडी ठरेल. माझी आई नऊ वर्षं तुमच्यासमोर खरं राखून बसली होती. तुम्ही हसलात, यंत्राने लाल शेरा मारला, मी फोनवर शिकवणी घेतली. आता ती नाही. मी आहे. मला कुणाची माफी नको. तुमचा मका मरतोय, तिचाही मरतोय, आणि सात दिवस उरलेत. विळे काढा."

नाना टोपी घालून उठले. "फळा गावाचा हाय. जिल्ह्यात एकच हाय असा. तो मी उतरू देनार न्हाई. माझा पट्टा हुबा राहील."

"राहू द्या," अनुजा म्हणाली. "मी बाकीच्यांकडे जाते."

पहिला पट्टा गयाकाकूंनी कापला, त्याच सकाळी, रस्त्याकडे तोंड करून. एसटी थांबली, उतारू खिडकीतून पाहू लागले. कुणीतरी विचारलं, कोवळा मका का कापताय? "लई हिरवा झालाय म्हनून," गयाकाकू म्हणाल्या. पेंढ्या बांधून त्यांनी म्हशींपुढे टाकल्या आणि अनुजाने पुढे केलेल्या कागदावर, कारणाच्या रकान्यात, सावकाश अक्षर लावून लिहिलं : नऊ वर्षे शेणकाला घातला. स्वतः घातला. खाली सही केली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ झाले. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. काही ठिकाणी नवरे नको म्हणाले आणि बायांनी कापले. एका ठिकाणी सासू-सुनेत भांडण झालं, की पहिली बादली कुणी घातली. अनुजा घरोघरी जाऊन तेच तेच बोलत राहिली. काहींनी तिला दारातून परत पाठवलं. ती परत गेली. एका ओट्यावर ती तासभर नुसती बसून राहिली, शेवटी घरधनी वैतागून म्हणाला, "बाई, तू तुझ्या आईपेक्षा कठीण हायेस," आणि विळा घेऊन निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारी एक्केचाळीस. सगळ्या गावातल्या गुरांना तीन दिवस हिरवा चारा झाला होता.

उरला नानांचा. तो वेशीला लागूनच होता, फळ्याच्या पायथ्याशी. नाना सकाळपासून तिथे खुर्ची टाकून बसले होते.

चौथ्या दिवशी सकाळी खंदारे आले. एकाच शिवारातले एक्केचाळीस पट्टे तीन दिवसांत रद्द झाल्यावर कार्यालयात घंटा वाजली होती. गाडीतून उतरून त्यांनी वेशीवरची गर्दी पाहिली, खुर्चीतले नाना पाहिले, अनुजाला पाहिलं.

"ताई, हे काय चालवलंय?"

"कारणं लिहून दिली आहेत. वाचलीत ना?"

"वाचली. मला नोकरीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं." ते नानांकडे वळले. "सरपंच, तुमचा एक पट्टा नियमाप्रमाणे उभा आहे. तो ग्राह्य आहे. म्हणजे गावाची गरज शून्यच राहते."

"ऐकलं?" नाना गर्दीला म्हणाले. "नियम हाय."

गर्दीतून त्यांची बायको मालनबाई पुढे आली. गुडघ्यावर हात ठेवून चालणारी, उंचपुरी, एरवी फारसं न बोलणारी बाई. उजव्या हातात विळा होता.

"सरका," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू घरी जा."

"अहो, सरका म्हंते ना. ह्या पट्ट्यात तुम्ही कवा पाय ठेवलाय का? नऊ वर्षं सकाळच्या पारी बादल्या कोन वाहतंय? कंबर माझी गेली न् शाल तुमच्या खांद्यावर पडली." ती पट्ट्यात शिरली. "मला तर सुटका वाटतीया. रोजची पीडा."

कुणीतरी हसलं. नानांनी खुर्ची घट्ट धरली होती. मालनबाईने पहिली मूठ कापली, दुसरी कापली, मग कंबरेवर हात ठेवून थांबली. अनुजा पुढे झाली, पण तिच्याआधी गयाकाकू आत गेल्या, मग आणखी चौघी. सहा ओळी, तीस पावलं, फार वेळ लागला नाही. नाना पूर्ण वेळ वेशीकडे पाठ करून बसले होते. पट्टा आडवा झाल्यावर मालनबाईने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाचला नाही, सही मात्र केली. "कारण तू लिही," ते तिला म्हणाले.

खंदारे हातातल्या पडद्याच्या पाटीवर बोटं फिरवत अनुजाबरोबर तिच्या शेतापर्यंत चालत आले. मागून अर्धं गाव. कौसल्याचा पट्टा सहा ओळींत उभा होता, खुजा, पिवळा, लाज न वाटणारा.

"लाल शेरा गेला," खंदारे म्हणाले. "ताडायलाच दुसरं काही उरलं नाही." त्यांनी थोडं थांबून आकडा वाचला. "शिवाराची गरज एकराला सत्तावीस किलो. दोन हप्त्यांत."

"सत्तावीसच?" मागून कुणीतरी कुरकुरलं. "पूर्वी अठ्ठेचाळीस मिळायचं."

"पूर्वी अर्धं विहिरीत जायचं," अनुजा मागे न बघता म्हणाली. "एवढ्यात येतं पीक. सोडा, साहेब."

खंदाऱ्यांनी बोट उचललं आणि तसंच ठेवलं. "ताई, एक अडचण आहे. सगळ्या गावाचा हिशेब आता या एका पट्ट्यावर. तो ज्याने राखला त्याची संमती लागते. नाव दिसतंय कौसल्या रामराव मिरगे. त्या तर..." ते थांबले. "सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं की तुमची संमती घेता येईल."

"फेरफाराला किती दिवस?"

"महिना. लवकरात लवकर."

"मका चार दिवस थांबेल, साहेब. महिना नाही थांबणार."

"मला दिसतंय ते. पण मयताची संमती मी कशी घेऊ?"

अनुजाने पाटीकडे हात केला. "पेरणीच्या दिवशी तुम्ही प्रत्येक शेतकऱ्याची सही घेता. कशाची असते ती?"

"पट्टा राखण्याची आणि त्याचा आकडा वापरू देण्याची."

"किती दिवसांसाठी?"

खंदाऱ्यांनी ती नोंद उघडली. सोळा जून. पडद्यावर बोटाने केलेली सही, शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलेलं. अनुजाने ती पाहिली आणि नजर हलवली नाही.

"पेरणीपासून काढणीपर्यंत," ते म्हणाले. "एका हंगामासाठी. पण ताई..."

"हंगाम संपलेला नाही," अनुजा म्हणाली.

खंदाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मक्याकडे. त्यांनी बोट टेकवलं.

टाकीकडून आवाज आला. शिवारभर नळ्यांतून आधी हवा खोकत बाहेर पडली आणि मग थेंब लागले. लोक आपापल्या शेतांकडे पळाले. अनुजा तिथेच राहिली. उपाशी पट्ट्याच्या सुरुवातीला आईने नळी दुमडून सुतळीने बांधून टाकली होती. गाठ पावसाने थोडी सैल झाली होती, आणि तिच्यातून खताच्या पाण्याचा एक बारीक ओघळ पट्ट्याच्या दिशेने निघाला होता.

अनुजा गुडघ्यांवर बसली. आईची गाठ तिने सोडली नाही. तिच्यावर दुसरी मारली, दातांनी ओढून घट्ट केली, आणि ओघळ थांबेपर्यंत तिथून उठली नाही.